सुटली म्हण

टेस्ट लाल होती, आणि ती का लाल होती हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

रेवती उतेकर सकाळपासून स्क्रीनवरच्या दोन ओळींकडे डोळे फाडून बघत होती. वरची ओळ तिनं स्वतः टाइप केलेली, खालची यंत्रानं लिहिलेली. दोन्हीकडे तेच: 'इशारा. दऱ्या, विभाग तीन. दरड कोसळण्याचा धोका. घरं सोडून सपाटीवर जा.' काना, मात्रा, टिंब, सगळं जागच्या जागी. तरी कॉम्प्युटर हटून बसला होता, की या दोन फायली सारख्या नाहीत.

"चहा घे, मग दिसेल," पलीकडून हर्षद निमकर म्हणाला. तो तिच्या टीमचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण वरच्या मजल्यावरून फोन आला की त्याची मान आपोआप डोलायला लागायची. "आणि संध्याकाळपर्यंत हिरवी कर बाई. टेस्ट हिरवी झाल्याशिवाय खोकी गाडीत चढणार नाहीत."

खोक्यांचं तिला कुणी सांगायला नको होतं. त्यातलं एक खोकं कोंडथरला जाणार होतं, आणि कोंडथरला तिचे वडील एकटे राहत होते.

*

डोंगर कोसळण्याआधी बोलतो. माणसाला ते ऐकू येत नाही, इतकंच. आत खडक तडकतात, माती सरकते, पाणी नव्या फटी शोधतं. शास्त्रज्ञांनी त्यावर एक युक्ती काढली. फोनचं जाळं चालवायला केसाएवढी काचेची तार जमिनीत पुरतात, तशीच तार डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल पुरायची आणि एका टोकानं तिच्यात प्रकाशाचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या प्रत्येक कणावरून थोडा प्रकाश मागं फिरतो. तार कुठं जराशी ताणली, थरथरली, की त्या जागेवरून परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे अख्खी तार हाच एक लांबलचक कान. मग वर्षानुवर्षांचे आवाज ऐकवून एका यंत्राला शिकवलं, की गुरं चालली की असं वाजतं, ट्रक गेला की असं, आणि डोंगर सुटायला लागला की असं. यंत्राचं नाव भूकर्ण. दोन-तीन तास आधी तो सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा.

सांगायचा म्हणजे एक फाइल लिहायचा. आपत्ती खात्यानं ठरवलं होतं, की फाइल एकच आणि ती मराठीत. साहेबानं वाचली तरी तीच, वाडीवाडीतल्या बोलक्या खोक्यानं वाचली तरी तीच, आणि निरोप कुठल्या खोक्यांना धाडायचा हे ठरवणाऱ्या प्रोग्रामनं वाचली तरी तीच. भाषांतराचा घोळच नको. विचार चांगला होता. पण त्या वेळच्या संचालकांना अनुप्रासाची हुक्की आली. घाटमाथ्यावरच्या वस्त्यांना त्यांनी नाव दिलं 'डोंगर', खोऱ्यातल्या वाड्यांना 'दऱ्या', आणि किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांना, जिथं वादळाचे इशारे याच खोक्यांतून जायचे, 'दर्या'. उद्घाटनाचं भाषण झकास झालं. टाळ्याही पडल्या.

रेवतीचं काम टेस्ट लिहिण्याचं. यंत्रानं फाइल लिहिली, की शेजारी आपली नमुना फाइल ठेवायची आणि कॉम्प्युटरला एका ओळीत बजावायचं: ही आणि ती सारखी असलीच पाहिजे. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी टेस्ट लाल, आणि टेस्ट लाल असेल तर नवा प्रोग्राम केंद्राच्या बाहेर पडायचा नाही. दारावरच्या राखणदाराचंच काम ते. राखणदार झोपला, तर घर कितीही मजबूत असून उपयोग नसतो.

*

घोडं कुठं अडलंय ते दुपारी कळलं, आणि कळल्यावर रेवतीला हसूच आलं.

'दऱ्या'मधला तो य च्या अंगाला बिलगलेला र कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत त्याला स्वतःचं अक्षर आहे, र आणि त्याच्या खाली टिंब. दुसरीत साधाच र असतो, पण त्याच्यामागं एक अदृश्य खूण असते. ती खूण एवढंच सांगते, की याचा रफार करून डोक्यावर चढवू नका, शेजारीच बसू द्या. स्क्रीनवर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. रेवतीच्या कीबोर्डनं टिंब वापरलं होतं, यंत्रानं खूण वापरली होती.

हा र तिच्या चांगला ओळखीचा होता. चौथीत असताना बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती: 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा'. "पहिल्यात ज्ञान मिळेल, दुसऱ्यात जेवण," बाई म्हणाल्या, आणि सगळा वर्ग वळून रेवतीकडं बघून खिदळला. पंचक्रोशीतल्या लग्नांना गंगाराम उतेकर आचारी लागायचा, आणि ही त्याची पोर. ती रडत घरी गेली. गंगाराम कांदा चिरत होता. "रडतीस कशाला?" तो म्हणाला. "आचार्य उपाशी ऱ्हायला तर शिकवील काय, डोंबल? त्या आडव्या रेघंत आपलं घर चालतंय पोरी. तिला इसरू नको."

ती विसरली नव्हती. सरळ उपाय तिला ठाऊक होता: कुठली तरी एक तऱ्हा पक्की करायची आणि सगळ्या फायली तिच्यात आणायच्या. पण त्याला दोन टीमची परवानगी, बैठक, पुन्हा बैठक. जून तोंडावर आलेला. दुसरा उपाय एका ओळीचा होता. तुलना करण्याआधी दोन्हीकडचं टिंब आणि ती अदृश्य खूण गाळून टाकायची. मग दोन्हीकडं साधा र उरतो आणि फायली सारख्या होतात. गाळल्यावर दोन्हीकडं 'दर्या' उरतं, हे तिला दिसलं नाही असं नाही. पण खरी फाइल तर नीट आहे, डोळ्यांना 'दऱ्या' दिसतंय, मग तुलनेपुरतं गाळलं तर कुठं काय बिघडलं? तिनं ती ओळ लिहिली. वर स्वतःसाठी टीप टाकली: 'तात्पुरतं. नंतर नीट करणे.'

'नंतर' नावाचा वार कुठल्या पंचांगात नसतो. पण टेस्ट हिरवी झाली, निमकरनं पेढे मागवले आणि खोकी त्याच संध्याकाळी गाडीत चढली.

*

कोंडथरचं खोकं गंगारामच्याच पडवीत बसवलं. ते ठोकून झाल्यावर गंगाराम त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला आणि पाहुण्याकडं बघावं तसा बघत राहिला. उभा जन्म भट्टीच्या घरघरीत गेल्यामुळं त्याचे कान मंदावले होते. म्हणून रेवतीनं आवाज पूर्ण वाढवून चाचणीचा निरोप लावला, तेव्हा शेजारच्या हिराकाकूच्या कोंबड्या उडाल्या.

"येवढं वरडतंय व्हय! मंग मला बी ऐकू आलं." गंगाराम खूश झाला.

रेवतीला मात्र हसायचं नव्हतं. खोकं येण्याआधी वाडीचं खोकं म्हणजे गंगारामच होता. घरामागच्या ओढ्याला तिकडं पऱ्या म्हणतात. पऱ्याच्या पाण्याचा रंग बघून, वास घेऊन तो सांगायचा, "चला," आणि वाडी मुकाट्यानं बोचकी उचलून सपाटीवरच्या शाळेत जायची. डोंगर काही पडायचा नाही. मागच्या पावसात असंच सगळ्यांना घेऊन जाताना तो पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. रेवतीनं दवाखान्यात बसून तो सगळा श्रावण काढला होता. आई आधीच गेलेली. आता एवढंच माणूस उरलं होतं तिला.

"बाबा, आता तुम्ही पऱ्या बघायला जायचं नाही."

"आँ?"

"पऱ्या बघायला जायचं नाही!" ती ओरडून म्हणाली. "आता खोकं सांगेल. खोकं बोलल्याशिवाय पावसात उंबरा ओलांडायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

गंगारामचा चेहरा उतरला. "शपथ कशाला घालतीस गं? सुटली म्हण."

"नाही म्हणणार."

"आन् खोकं चुकलं तर?"

"चुकणार नाही. मी तपासलंय."

पोरीनं तपासलं होतं. त्या दिवसानंतर आल्यागेल्या प्रत्येकाला तो खोकं दाखवून सांगायचा, "रेवीनं तपासलंय." वाडीही तेच सांगायला लागली.

*

पहिलं वर्ष चांगलं गेलं. एकदा पलीकडच्या खोऱ्यात खोकी बोलली, माणसं निघाली आणि तासाभरात दोन घरांवर दरड आली. मनुष्यहानी झाली नाही. खात्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या टीमनं फायली साफ करणारा एक छोटा प्रोग्राम बसवला. निरोपांमध्ये कुठून कुठून न दिसणारा कचरा येऊन बसतो, तो काढायचा. त्यांच्या यादीत ती अदृश्य खूणही कचराच होती. त्यांनी ती काढली. खूण गेल्याबरोबर र टुणकन उडी मारून डोक्यावर चढला, आणि 'दऱ्या'चा 'दर्या' झाला. ध चा मा करायला निदान कुणाला तरी हातात लेखणी घ्यावी लागली होती. इथं कुणी काहीच लिहिलं नव्हतं, फक्त पुसलं होतं.

नियमाप्रमाणं रेवतीची टेस्ट चालली. टेस्टनं टिंब गाळलं, खूण गाळली, दोन्हीकडं साधा र बघितला आणि हिरवा दिवा लावला. सराव म्हणून खोकी वाजवून बघायची पद्धत होती, पण त्यानं लोक घाबरतात अशा तक्रारी होत्या. टेस्ट हिरवी असताना उगाच कशाला घाबरवा, असं निमकर म्हणाला, आणि रेवतीलाही ते पटलं. ती टीप अजून तिथंच होती.

*

ऑगस्टमधली दुपार होती. पुण्यात, केंद्राबाहेर, भुरभुर होती, घाटात मात्र तीन दिवस आभाळ फाटलं होतं. रेवती डबा उघडत होती तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"रेवे, पऱ्या आटलाय."

"काय?"

"आगं भर पावसात पऱ्या आटलाय! कालधरनं लाल पानी हुतं, आन् आत्ता थेंब न्हाई. वर कायतरी तुंबलंय. मला लक्षान बरं दिसत न्हाई."

"तुम्ही पऱ्यावर गेला होता?"

"न्हाई गं. हिरा सांगत आली. मी शपथ मोडतोय व्हय? पडवीतच हाय. समदी जमलीत हितं, बोचकी बांधून. म्हनत्यात, आचारी निघाला तर आमी निघतो," तो म्हणाला. "सुटली म्हण की. निघतो मंग."

रेवतीनं डबा बाजूला सारला आणि स्क्रीनकडं पाहिलं. कोंडथरच्या खोक्याला काही निरोप नव्हता. दऱ्यांमधल्या कुठल्याच खोक्याला नव्हता. खात्री असावी म्हणून तिनं पुन्हा टेस्ट चालवली. हिरवी. बाहेर पाऊस कसा कोसळतोय ते फोनमधूनही ऐकू येत होतं. त्या पावसात, त्या पाखाडीवर, तो जोडलेला खुबा घेऊन बाबा उतरताहेत, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"नाही बाबा. खोकं बोलेल ना. घरातच बसा."

"आँ?"

"घरातच बसा! सगळं तपासलंय!"

"बरं," गंगाराम म्हणाला. मग फोन बाजूला धरून, पण तिला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, वाडीला सांगितलं, "थांबा म्हनतीय. तिनं तपासलंय."

*

डबा खाऊन रेवती हात धुऊन आली, तर निमकरच्या टेबलाभोवती चार जण हसत उभे होते. मदतीचा फोन त्या दिवशी त्याच्याकडं होता.

"रेवती, ये, ऐक गंमत," तो म्हणाला. "बोरवणे बंदरावरून कोळी सोसायटीचे सेक्रेटरी बोलतायत. हां, सांगा हो पुन्हा."

"अवो सायेब, पुन्हा काय सांगू," फोनमधला माणूस वैतागला होता. "दर्या तं गप हाये. होड्या बंदरात, जाळी वाळत टाकलेली. आन् तुमचा खोका तासभर झाला बोंबलतोय, दरड कोसलनार, घरं सोडा. दर्यात दरड कुठनं आणू मी? बायका हसतात आमच्या."

सगळे पुन्हा हसले. रेवतीनं एकदाच विचारलं, "काका, खोकं सुरुवातीला काय म्हणतं? अगदी पहिले शब्द?"

"इशारा. दर्या, विभाग तीन."

ती आपल्या जागेवर आली. "टेस्ट तर हिरवी आहे," मागून निमकर म्हणत होता, पण त्याचा आवाज बदलला होता. रेवतीनं ती एक ओळ खोडली, टिंब आणि खूण गाळणारी, आणि टेस्ट चालवली. स्क्रीन लाल झाला. 'अपेक्षित: दऱ्या. मिळालं: दर्या.' हे दोन शब्द असे एकाखाली एक तिनं पहिल्यांदाच पाहिले. केवढे वेगळे दिसत होते ते. चौथीतल्या पोरानंही ओळखले असते.

"हातानं पाठव! दऱ्या विभाग तीनला हातानं पाठव!" ती किंचाळली. हातानं निरोप पाठवायला दोन अधिकाऱ्यांची संमती लागायची. एक निमकर होता. दुसऱ्या साहेबांना बैठकीतून उठवून आणेपर्यंत तिनं बाबांना फोन लावला. वाजला नाही. परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. हिराकाकूंना लावला. तेच. ती लावत राहिली. शेवटी खोऱ्यातल्या खोक्यांपुढं एकेक करून 'निरोप पोहोचला' असं उमटत गेलं. कोंडथरच्या नावापुढंही उमटलं. रेवतीनं टेबलाची कड घट्ट धरली.

त्याच्या पाठोपाठच कोंडथरच्या तारेकडून येणारा प्रकाशच बंद झाला.

*

रेवती पोहोचली तेव्हा पाऊस थांबला होता. वाडीचा वरचा अर्धा भाग होता तसाच होता, पडवीत वाळत घातलेल्या धोतरांसकट. खालचा अर्धा भाग नव्हता. तिथं लाल चिखल होता, आणि चिखलातून एक माडाचा शेंडा वर आला होता. शोधपथकाची माणसं काठ्या खुपसत सावकाश पुढं सरकत होती.

हिराकाकू शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांची सून अजून सापडली नव्हती. रेवतीला पाहून त्यांनी पदरानं पायरीचा चिखल पुसला आणि तिला शेजारी बसवलं.

"खोकं वरडलं नि डोंगर सुटला, दोनी संगंच," काकू म्हणाल्या. "आमी पडवीतच हुतो म्हनून पळालो तरी. तुजा बा म्हनला, तुमी व्हा म्होरं, माझा पाय उचलत न्हाई. सून पोरांची दप्तरं आनाया आत गेली ती..."

"काकू, आधीच का नाही निघालात?" विचारताना तिला उत्तर ठाऊक होतं. तरी विचारलं.

"तो हलंना. आमी किती म्हनलं, आचाऱ्या, चल. तर म्हनतो, पोरीच्या गळ्याची शपथ हाय, तिला कमीजास्त झालं तर? फोन घेऊन बसला हुता हातात. म्हनं, आता वाजंल, आता ती सुटली म्हनंल."

"खोकं चुकलं नाही काकू," रेवती म्हणाली. "मी चुकले. खोकं तासभर आधीच बोलत होतं, दुसरीकडं. मी तपासलं होतं ना, तेच चुकीचं तपासलं होतं. एका रेघेपायी. तुमची सून..."

काकूंनी तिच्याकडं पाहिलं. त्या काय बोलतील, मारतील की काय, याची ती वाट बघत राहिली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं तिला. पण काकूंची नजर परत चिखलाकडं गेली.

रेवती उठली. पायऱ्या उतरून चिखलाच्या काठापर्यंत गेली. पथकातल्या एकानं हातानंच तिला थांबायची खूण केली. आपली पडवी नेमकी कुठं होती हे तिला आता सांगता येत नव्हतं.

"सुटली," ती म्हणाली.

मागून काकूंचा आवाज आला. तो कोरडा होता.

"मोठ्यानं म्हण. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं."